एकोणचाळिसावा टॉर्पेडो

घरांतील तरुण मंडळी एखाद्या कथेवर तावातावानें वाद घालीत बसली, कीं वडील माणसांच्या कपाळाला आंठी पडते, हा अनुभव कोणत्याहि सुशिक्षित कुटुंबाला नवा नाहीं. त्यांतून ती कथा परदेशांतली, तीहि अंतराळयानांची आणि परग्रहांवरील प्राण्यांची, आणि वादाचा विषय तिच्यांतील चुका, असें असलें म्हणजे तर विचारावयासच नको! "जें मुळांतच खोटें, त्यांत चूक ती कसली शोधतां?" असा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नानें वाद मिटला असें विचारणाऱ्यास वाटतें. वाद मात्र मिटत नाहीं. तो शेजारच्या खोलींत जाऊन चालूं राहतो.

हा प्रश्न वाटतो तितका बिनतोड नाहीं, हें या महिन्यांत वाचकांपुढें मांडावयाचें आहे. कथा कल्पित असली म्हणजे तिच्यांत कांहींहि चालतें, ही समजूत जितकी रूढ आहे तितकीच चुकीची आहे. राजा आणि राक्षस यांची गोष्ट ऐकणारें पांच वर्षांचें मूल, राक्षस आकाशांतून उडाला याबद्दल हरकत घेत नाहीं. परंतु काल एका डोळ्याचा असलेला राक्षस आज दोन डोळ्यांनीं पाहूं लागला, तर तें आजीला तत्काळ थांबवितें. त्या मुलाला खऱ्याखोट्याचें भान नसतें असें नव्हे. उलट, गोष्टीनें आपल्याशीं कोणता करार केला आहे, हें त्याला मोठ्या माणसांहून अधिक स्पष्ट ठाऊक असतें. अमेरिकेंतील 'स्टार ट्रेक' या मालिकांच्या चाहत्यांनीं आजवर जे वाद घातले, त्यांचें सार काढूं गेल्यास तें याच करारापाशीं येऊन ठेपतें.

ही मालिका जीन रॉडनबेरी यांनीं निर्माण केली आणि ती ८ सप्टेंबर १९६६ रोजीं एन. बी. सी. या वाहिनीवर सुरू झाली. 'एंटरप्राइझ' नांवाचें अंतराळयान, त्याचा धाडसी कप्तान कर्क, भावनेपेक्षां तर्कालाच मानणारा अर्धा परग्रहवासी स्पॉक आणि तापट परंतु कनवाळू डॉक्टर मकॉय, हीं तिच्यांतील मुख्य पात्रें. १९८० नंतरच्या दशकांत आपल्याकडील दूरदर्शनवरहि ती दाखविली गेली; त्यामुळें आज पन्नाशी ओलांडलेल्या कित्येक वाचकांना स्पॉकचे टोकदार कान अजून आठवत असतील.

स्वदेशीं या मालिकेला आरंभीं प्रेक्षक बेताचेच होते. दुसरें पर्व संपत आलें तेव्हां ती बंद होणार अशी वदंता उठली. त्या वेळीं बिजो ट्रिंबल ही गृहिणी आणि तिचा पति जॉन या दोघांनीं गांवोगांवच्या चाहत्यांना पत्रें धाडून, वाहिनीकडे विनंतीपत्रें पाठविण्याची मोहीम सुरू केली. एक लाखाहून अधिक पत्रें येऊन पडलीं, आणि १ मार्च १९६८ च्या रात्रीं त्या आठवड्याचा भाग संपल्यावर, मालिका पुढें चालूं राहील अशी घोषणा वाहिनीला करावी लागली. प्रेक्षकांनीं एखाद्या कथेला असें हात देऊन वर काढल्याचीं उदाहरणें फार नाहींत.

परंतु पुढें झालें काय? मालिकेला शुक्रवारीं रात्रीं दहाची वेळ देण्यांत आली. जो तरुण वर्ग ती आवडीनें पाहत असे, तो नेमका त्या वेळीं घराबाहेर असावयाचा. खर्चाला कात्री लागली. रॉडनबेरी यांनीं रोजच्या कामांतून अंग काढून घेतलें. आणि २० सप्टेंबर १९६८ रोजीं तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग दाखविला गेला, तो 'स्पॉकचा मेंदू' हा. त्यांत परग्रहावरील एक स्त्री यानावर येऊन स्पॉकचा मेंदूच काढून नेते. मेंदूविरहित स्पॉकच्या डोक्यावर यंत्र बसवून त्याला कळ दाबून चालविण्यांत येतें. आणि अखेरीस मेंदू परत बसवीत असतां स्वतः स्पॉकच डॉक्टरला शस्त्रक्रियेच्या सूचना देतो! ज्यांनीं पदरच्या पैशाचीं तिकिटें लावून पत्रें धाडलीं होतीं, तेच या भागावर तुटून पडले. आजहि त्या मालिकेंतील हास्यास्पद भागांचा विषय निघाला, कीं पहिलें नांव याचेंच घेतलें जातें. ३ जून १९६९ रोजीं, एकूण ७९ भाग होऊन, मालिका बंद पडली. पुढें ठिकठिकाणच्या केंद्रांवरून ती पुनःपुन्हां दाखविली गेली, आणि तिची खरी कीर्ति वाढली ती तेथून.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. स्तुति करणारा एक पक्ष आणि दोष काढणारा दुसरा, असे दोन तट येथें नव्हतेच. मालिका वांचविणारे हात आणि तिची खोड काढणारे हात एकच होते. या चाहत्यांचें 'स्पॉकॅनॅलिया' नांवाचें पहिलें मासिक १९६७ सालींच निघालें. तें व त्यामागून निघालेलीं तसलीं अनेक मासिकें चाहत्यांनींच, आणि त्यांतहि पुष्कळशीं स्त्रियांनीं, घरच्या घरीं चक्रमुद्रित करून टपालानें एकमेकांकडे पाठविलीं. त्या पानांतून स्पॉकच्या जन्मग्रहावरील चालीरीतींची चर्चा जितक्या आस्थेनें चाले, तितक्याच आस्थेनें गेल्या आठवड्याच्या भागांतील विसंगतीहि चव्हाट्यावर मांडल्या जात.

अशा विसंगतींची यादी करूं गेल्यास ती संपावयाची नाहीं. फिल फॅरंड या लेखकानें १९९३ सालीं, 'द नेक्स्ट जनरेशन' या पुढील मालिकेविषयीं, 'निटपिकर्स गाइड' नांवाचें एक पुस्तकच प्रसिद्ध केलें. कथानकांतील विसर, बदललेलीं गृहीतकें, यंत्रांचे चमत्कार, सातत्याचे व निर्मितीचे दोष, अशा सदरांखालीं त्यांत एकेका भागाची झडती घेतलेली आहे. मम्मटानें 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासांत पददोष, वाक्यदोष, अर्थदोष आणि रसदोष अशी जी प्रतवारी लावली, तिची आठवण होऊन संस्कृतज्ञ वाचकांना हसूं यावें, इतकी ती पद्धतशीर आहे. पुस्तकाच्या नांवांतील इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ लिखा वेंचणारा असा आहे. निंदेखातर रूढ झालेल्या या शब्दांत एक मौजेची गोष्ट दडलेली आहे: दुसऱ्याच्या केसांतील लिखा वेंचीत बसण्याइतका धीर सहसा आईलाच असतो.

आतां हे दोष सगळे एकाच तोलाचे आहेत काय? या प्रश्नाचें उत्तर अकराशें वर्षांपूर्वीं काश्मीरांतील आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोकां'त देऊन ठेविलें आहे. तो म्हणतो, कवीचे दोष दोन प्रकारचे असतात. एक व्युत्पत्तीच्या, म्हणजे माहितीच्या व अभ्यासाच्या उणिवेमुळें होणारा. दुसरा शक्तीच्या, म्हणजे प्रतिभेच्या उणिवेमुळें होणारा. पहिला प्रतिभेच्या प्रभावानें झांकला जातो. दुसरा मात्र तत्काळ डोळ्यांत भरतो. कालिदासानें देवतांच्या शृंगाराचें वर्णन केलें, तें औचित्याच्या दृष्टीनें सदोष असतांहि वाचतांना खुपत नाहीं, तें याच कारणानें. मोजपट्टी जुनी खरी, पण अंतराळयानांच्या कथेलाहि ती चपखल लागते.

पहिल्या प्रकारचें ठळक उदाहरण म्हणजे 'ट्रान्सपोर्टर'. माणसाचा देह यानांत विरघळवून ग्रहावर पुन्हां जसाच्या तसा उभा करणारें हें यंत्र शास्त्रीय विचारांतून निघालें नाहीं, काटकसरींतून निघालें. दर आठवड्यास एवढें मोठें यान नव्या ग्रहावर उतरतांना दाखविण्याचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. म्हणून माणसेंच कळ दाबून खालीं पाठविण्याची युक्ति निघाली. पदार्थविज्ञान शिकलेल्या चाहत्यांनीं हरकत घेतली, कीं हायझेनबर्गच्या अनिश्चिततेच्या तत्त्वाप्रमाणें प्रत्येक सूक्ष्म कणाची जागा आणि गति एकदमच अचूक कळणें शक्य नाहीं. मग देहाची तंतोतंत नक्कल उतरावी कशी? यावर मालिकेच्या कर्त्यांनीं त्या यंत्राला 'हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर' नांवाचा एक भाग जोडून टाकला! तो चालतो कसा, असें मालिकेच्या कलाविभागांतील मायकेल ओकुडा यांना एकदां विचारण्यांत आलें, तेव्हां तो उत्तम चालतो, आभारी आहें, एवढेंच त्यांनीं सांगितलें. चाहते या उत्तरावर रागावले नाहींत; खदखदून हसले. आपली शंका ऐकली गेली, तिचा मान राखला गेला, एवढ्यानें त्यांचें समाधान झालें.

क्लिंगॉन नांवाच्या लढाऊ जमातीच्या कपाळाचा वाद याहूनहि गमतीचा आहे. १९६७ सालच्या भागांत हे लोक काळसर रंग फांसलेल्या साध्या माणसांसारखे दिसत. कारण रंगभूषेला पैसे नव्हते. १९७९ सालीं चित्रपट निघाला, पैसे आले, आणि क्लिंगॉनांच्या कपाळावर एकाएकीं हाडांचे उंचवटे उगवले. हा बदल झाला तरी कसा? वाद वर्षानुवर्षें चालला. १९९६ सालीं मालिकेच्या तिसाव्या वर्षानिमित्त काढलेल्या एका भागांत नव्या काळांतील पात्रें जुन्या काळांत जाऊन पोंचतात. तेथें साध्या कपाळाचे क्लिंगॉन पाहून सोबती आपल्यांतील क्लिंगॉन अधिकाऱ्याला खुलासा विचारतात, आणि तो विषय आम्ही परक्यांशीं काढीत नाहीं, असें म्हणून तो तोंड फिरवितो. हंशा पिकला. शेवटीं २००५ सालीं 'एंटरप्राइझ' या मालिकेनें दोन भाग खर्ची घालून, आनुवंशिक प्रयोगांतून उद्भवलेल्या एका सांथीनें काहींचीं कपाळें सपाट झालीं, असा रीतसर खुलासा केला. खर्चाच्या टंचाईनें झालेली एक चूक, आणि तिच्या पोटीं अडतीस वर्षांनीं जन्मलेली एक कथा! असल्या दोषांनीं रसाची हानि होत नाहीं; उलट, वाद घालणाऱ्यांना तो एक खेळच मिळतो. शेरलॉक होम्सच्या कथांत डॉक्टर वॉटसनची जखम एकदां खांद्यांत आणि एकदां पायांत सांगितलेली आहे. तिच्यावर विद्वान इंग्रजांनीं लिहिलेले निबंध याच जातीचे.

दुसऱ्या प्रकारचा दोष मात्र खेळाचा नव्हे. त्याचें उदाहरण 'व्हॉयेजर' या मालिकेंत सांपडतें. जानेवारी १९९५ मध्यें सुरू झालेल्या या मालिकेचा आरंभ फार उमदा होता. 'व्हॉयेजर' हें यान एका अज्ञात शक्तीच्या जोरानें सत्तर हजार प्रकाशवर्षें दूर फेंकलें जातें. परतण्याचें साधन हाताशीं असतें. परंतु तें वापरल्यास एका दुबळ्या जमातीचा घात होईल, म्हणून कप्तान कॅथरिन जेनवे ही बाई तें साधन स्वतःच नष्ट करते. आतां घर पंचाहत्तर वर्षांच्या वाटेवर राहिलें. यानांत अर्धेअधिक सरकारी दलाचे लोक, तर बाकीचे ज्यांना पकडावयास तें निघालें होतें ते बंडखोर. बंदर नाहीं, दुरुस्तीचा कारखाना नाहीं, रसद नाहीं. पहिल्याच पर्वांत हिशेब सांगितला जातो, कीं यानावर टॉर्पेडो आतां अडतीसच उरले आहेत आणि संपल्यावर नवे मिळण्याची सोय नाहीं.

चाहत्यांनीं तो आंकडा लिहून ठेविला, आणि पुढें प्रत्येक लढाईंत ते मोजीत गेले. अडतीस संपले, एकोणचाळिसावा सुटला, त्यामागून आणखी कितीतरी सुटले, आणि यानावर कोणाच्या चेहऱ्यावर सुरकुतीहि उठली नाहीं. लहान होड्यांसारखीं जीं उपयानें नष्ट झालीं, त्यांचाहि असाच हिशेब ठेवण्यांत आला. बंडखोरांनीं थोड्याच दिवसांत सरकारी गणवेष चढविला आणि दोन पक्षांतलें वैर बहुतांशीं निवळून गेलें. लढाईंत होरपळलेलें यान पुढच्या आठवड्यांत नव्या भांड्यासारखें लखलखीत दिसूं लागलें.

यावर जो वाद झाला त्यांतील दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या आहेत. समर्थकांचें म्हणणें असें, कीं ज्या खलाशांनीं पुढें १९९८ च्या एका भागांत अख्खें नवें उपयान स्वतः बांधून काढलें, त्यांना टॉर्पेडो बनवितां आले नसतील काय? प्रत्येक खिळा कोठून आला हें कथेनें सांगत बसावें काय? आणि मालिकेचा आत्मा टंचाई हा नसून, घरापासून दूर राहूनहि आपलीं तत्त्वें न सोडणाऱ्या माणसांचा सोबतीपणा हा आहे. हा युक्तिवाद पोकळ नाहीं. या मालिकेवर मनापासून प्रेम करणारे प्रेक्षक आजहि थोडे नाहींत, आणि जेनवेच्या करारी व्यक्तिरेखेनें पुष्कळ मुलींना धीर दिला यांतहि संशय नाहीं.

प्रतिपक्षाचें उत्तर मात्र अधिक खोल जातें. ते म्हणतात, टॉर्पेडो बनविले असतील तर तें दाखवा! मालासाठीं कोणाचे पाय धरले, बदल्यांत काय द्यावें लागलें, त्यासाठीं कप्तानाला कोणत्या तत्त्वाला मुरड घालावी लागली, यांतूनच तर कथा निघावयाची. अडतीस हा आंकडा आम्हीं मागितला नव्हता. तो तुम्हीं होऊन सांगितला. तो ऐकून आम्हीं भ्यालों, तो पाठ केला, आणि तुम्ही मात्र विसरून गेलां.

येथेंच दोन प्रकारच्या दोषांतील भेद स्पष्ट होतो. ट्रान्सपोर्टरची चूक निसर्गनियमांबद्दलची आहे. एकोणचाळिसाव्या टॉर्पेडोची चूक दिलेल्या शब्दाबद्दलची आहे. वरवर पाहतां ती निव्वळ मोजणींतील गफलत, एखाद्या कारकुनाची चूक भासते. परंतु संकट खरें आहे, येथें जें जाईल तें परत मिळणार नाहीं, अशी जी हमी कथेनें दिली होती, तीच तिनें मोडली. संकट खरें नसेल तर धैर्यहि खरें राहत नाहीं. मग जेनवेनें पहिल्या भागांत केलेल्या त्यागाचें मोलहि मागाहून कमी होतें. दोष लहान दिसतो, पण तो रसाच्या मुळाशीं जाऊन बसतो.

हें असें कां व्हावें? लेखक आळशी होते असें म्हणणें सोपें आहे, पण अन्यायाचें होईल. त्या काळीं अशा मालिकेचे वर्षाकांठीं सुमारें पंचवीस भाग तयार करावे लागत, आणि पुढें ते भाग निरनिराळ्या केंद्रांना विकले जात. तेथें ते कोणत्याहि क्रमानें पाहिले तरी समजावे, अशी व्यापाऱ्याची इच्छा असे. म्हणून भागाच्या अखेरीस सर्व कांहीं होतें तसें झालेलें बरें! नोव्हेंबर १९९७ मधील 'यातनांचें वर्ष' या दोन भागांच्या कथेंत यान दिवसेंदिवस मोडत जातें, भिंती उघड्या पडतात, माणसें जायबंदी होतात. ज्याची चाहते वाट पाहत होते तें सर्व तेथें आहे. ब्रॅनन ब्रागा या लेखकाच्या मनांत ही कथा वर्षभर चालवावयाची होती, पण ती दोन भागांतच आटोपावी लागली. आणि शेवटीं काळाचें चक्र उलटें फिरून, यांतलें कांहींच घडलें नव्हतें, असें ठरलें. ज्यांनीं तें दुःख पाहिलें त्या प्रेक्षकांखेरीज तें कोणालाच आठवत नाहीं! हिशेबाची वही व्यापाऱ्यानें फाडली, आणि ओशाळवाणें मात्र लेखकाला व्हावें लागलें.

या वादांतून पुढें एक फळ निघालें, तें सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. रॉनल्ड मूर नांवाचा एक तरुण लहानपणापासून 'स्टार ट्रेक'चा भक्त होता. 'द नेक्स्ट जनरेशन'चें चित्रीकरण पाहावयास गेला असतां त्यानें स्वतः लिहिलेली एक कथा सोबत नेली आणि तेथील एका माणसाच्या हातीं दिली. मायकेल पिलर हे कथाविभागाचे प्रमुख झाल्यावर ती त्यांच्या वाचनांत आली. ऑक्टोबर १९८९ मध्यें ती पडद्यावर आली आणि मूर लेखकवर्गांत दाखल झाला. दहा वर्षांनीं तो 'व्हॉयेजर'वर काम करावयास गेला, पण थोड्याच दिवसांत बाहेर पडला. आणि नंतरच्या मुलाखतींत त्यानें चाहत्यांचीच तक्रार आपल्या तोंडानें मांडली, कीं एवढ्या संकटांतलें यान इतकें नीटनेटकें राहूंच शकत नाहीं.

दोष दाखविणारे पुष्कळ असतात. दोष टाळून नवें घडवून दाखविणारा विरळा. मूरनें तें केलें. १९७८ सालच्या एका जुन्या मालिकेचा सांगाडा घेऊन त्यानें 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही मालिका २००३ च्या अखेरीस आरंभिली. तिच्यांतहि घर हरवलेलीं माणसें आणि पाठीवर शत्रु. परंतु येथें यानावरचे पोंचे शेवटपर्यंत बुजत नाहींत, पाणी संपतें, इंधन संपतें, माणसें थकतात. अध्यक्षपदावरील बाईच्या कचेरींत एक पांढरा फळा आहे. त्यावर जिवंत उरलेल्या माणसांची संख्या लिहिलेली असते, आणि ती बाई स्वतःच्या हातानें ती पुसून कमी करीत जाते. पहिल्या नियमित भागांत दर तेहेतीस मिनिटांनीं शत्रु चालून येतो. कोणाला दिवसच्या दिवस झोंप नाहीं. भागाच्या शेवटीं ताफ्यांत एक मूल जन्मल्याची वार्ता येते, आणि फळ्यावरचा आंकडा प्रथमच एकानें वाढतो. टॉर्पेडो मोजणाऱ्या चाहत्यांना याहून सुंदर उत्तर कोणतें मिळावयाचें होतें? अंक तोच, पण आतां कथाच तो जिवापाड जपीत होती.

परंतु दैवाचा खेळ असा, कीं ज्यानें शब्द पाळावयास शिकविलें त्याच्याकडेच पुढें चाहत्यांनीं शब्दाचा हिशेब मागितला. या मालिकेच्या पहिल्या पर्वांत प्रत्येक भागाच्या आरंभीं, यंत्रमानवी शत्रूंपाशीं एक योजना आहे, असें अक्षरांत लिहून दाखवीत. प्रेक्षकांनीं ती योजना कळण्याची वर्षानुवर्षें वाट पाहिली; ती काय होती, हें अखेरच्या भागानेंहि उलगडलें नाहीं. लेखक कथा पुढें नेतां नेतांच ठरवीत होते, ही गोष्ट मूरनेंहि लपविली नाहीं. २० मार्च २००९ रोजीं शेवट दाखविला गेला, तेव्हां मेलेली आणि परत आलेली एक नायिका माळरानावर बोलतां बोलतां अदृश्य होते, आणि कित्येक गूढांचा निकाल ईश्वरी संकेतावर सोंपविला जातो. 'योजना' याच नांवाचा एक स्वतंत्र चित्रपट त्यानंतर काढण्यांत आला, यावरून ती उणीव कर्त्यांनाहि टोंचली असावी असें दिसतें.

या शेवटावर चाहत्यांत पडलेली दुफळी अद्याप मिटलेली नाहीं. एक पक्ष म्हणतो, ईश्वराचा विषय पहिल्या भागापासून कथेंत होता. एकेश्वरवादी यंत्रें आणि अनेक देवतांना भजणारीं माणसें यांचा झगडा हाच तिचा गाभा. मग शेवट श्रद्धेंत झाला यांत फसवणूक कोठें आली? दुसरा पक्ष म्हणतो, कथेंत ईश्वर असूं द्या, पण लेखकाच्या अडचणींत धांवून येणारा ईश्वर नको. आमच्या मतें दोघांचेंहि खरें आहे. श्रद्धेचें वचन कथेनें दिलें होतें आणि तें पाळलें. योजनेचें वचनहि दिलें होतें आणि तें पाळलें नाहीं. एकाच शेवटाच्या पोटांत पाळलेला शब्द आणि मोडलेला शब्द दोन्ही असूं शकतात, हें ज्याला दिसतें त्याची टीका रागापुरती राहत नाहीं; ती विचार होते.

आतां पुन्हां त्या शेजारच्या खोलींतील वादाकडे वळूं. 'व्हॉयेजर'चे एकंदर १७२ भाग झाले. एकेक पाऊण तासाचा धरला तर सुमारें १३० तास. एवढें आयुष्य जो एखाद्या कथेला देतो, त्याला तिचा हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी असा हिशेब विचारूं लागली, तर तिला "खोट्या गोष्टींत चूक कसली" म्हणून गप्प बसवूं नये. तिला दोनच प्रश्न विचारावे. पहिला: ही चूक जगाच्या नियमांबद्दलची आहे, कीं कथेनें दिलेल्या शब्दाबद्दलची? पहिली असेल तर हसून सोडावी. दुसरी असेल तर धरून बसावें. आणि दुसरा प्रश्न: ही चूक सांपडल्यानें तुला वाईट वाटलें, कीं आनंद झाला? ज्याला दोष सांपडल्याचा आनंद होतो, तो कथा पाहत नसून सावज शोधीत असतो. असले लोक चाहत्यांत आहेतच, आणि लेखकांना शिव्यागाळी करण्यापर्यंत त्यांची मजल जाते. ज्याला वाईट वाटतें, तोच खरा रसिक. त्याच्याच हातून पुढें केव्हां तरी फळ्यावरचा तो आंकडा लिहिला जातो.

या संवयीचा उपयोग अंतराळयानांपुरता नाहीं. दिलेला शब्द आठवणीनें जपणें, तो मोडला गेला कीं मोठ्यानें न ओरडतां पण स्पष्टपणें विचारणें, आणि विचारीत असतांहि प्रेम न सोडणें, ही रीत मनुष्याला घरांत, मैत्रींत आणि सार्वजनिक कामांतहि उपयोगी पडते. निवडणुकीच्या भाषणांतील अडतीस गोष्टी पांच वर्षें लक्षांत ठेवणारे नागरिक आपल्यांत किती असतील? ज्या मुलानें एका खोट्या यानावरचे टॉर्पेडो सात वर्षें मोजले, त्याला हा हिशेब ठेवणें जड जावयाचें नाहीं.